शेतीची कामे सांभाळून वजनांचा व्यायाम आठवड्यातून किती दिवस करावा?

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून ज्या प्रदेशात उभे आहे, तेथील तरुणांना व्यायामाची गोडी वेगळी लावावी लागत नाही. अडचण अतिरेकाची आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावतात, दिवसा शेतात राबतात आणि संध्याकाळी तालुक्याच्या व्यायामशाळेत रोज तीच वजने उचलतात. मग महिनाभरात खांदा धरतो किंवा कंबर भरते. रोज जोर-बैठका काढण्याची जुनी रीत चुकीची नव्हती, कारण सरावाने तो भार अंगवळणी पडतो. पण वजन सतत वाढवत नेण्याच्या व्यायामाला विश्रांतीचे दिवस लागतातच.

जड व्यायामानंतर स्नायूंमध्ये प्रथिनांची नवी घडण सुरू होते आणि ती साधारण २४ ते ४८ तास वाढलेल्या वेगाने चालते. ताकद वाढते ती या काळात. म्हणून एकाच स्नायूवर जड भार पुन्हा टाकण्यापूर्वी किमान ४८ तास जाऊ द्यावेत.

दिवस ठरवण्याआधी त्या आठवड्यातील शेतकाम मांडून घ्यावे, कारण शरीराच्या लेखी तोही भारच आहे. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की पाण्याचेच वजन १६ किलो होते, आणि तो पाठीवर घेऊन पराटीच्या (कपाशीच्या) ओळींतून दिवसभर फिरल्यावर संध्याकाळी खांद्यांचा व्यायाम करणे म्हणजे थकलेल्या स्नायूंना पुन्हा जुंपणे होय. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी दिवसभर वाकून होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, म्हणजे वाकून जमिनीवरचे वजन उचलत उभे राहण्याचा व्यायाम, टाळावी.

कामे हलकी असताना नवशिक्याने सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस आणि हंगामात दोनच दिवस ठेवावेत. गावात आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकाम बंद राहत असेल, तर त्यांपैकी एक दिवस तोच धरावा. प्रत्येक वेळी संपूर्ण शरीराचा व्यायाम घ्यावा: स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलणे), रोइंग (वजन पोटाकडे ओढणे), खांद्यांचा प्रेस (वजन डोक्यावर ढकलणे) आणि जमेल त्या दिवशी डेडलिफ्ट. प्रत्येकाचे ८ ते १२ वेळांचे दोन-तीन सेट पुरेत. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि आणखी एक-दोन वेळा उचलता आले असते अशा टप्प्यावर सेट संपवावा.

अंग दुखणे ही व्यायाम चांगला झाल्याची पावती नाही. नव्या किंवा वाढीव भारानंतर, विशेषतः वजन सावकाश खाली आणताना, स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ते दुखणे एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते. त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जातो, पण ते व्यायामानंतर थोड्याच वेळात ओसरलेले असते. शरीर सावरले की नाही, हे दर खेपेस उचललेल्या वजनांची नोंद ठेवलेल्या वहीत पाहावे. मागील खेपेस ४० किलो दहा वेळा उचलले आणि आज सातव्यालाच हात थरथरला, तर त्या दिवशी वजन कमी करून लवकर घरी जावे. उलट, सलग दोन खेपांत शेवटच्या सेटला ठरल्यापेक्षा दोन वेळा अधिक जमले, तर अडीच किलो वाढवावेत.

झोप सात तासांहून कमी नको. रात्रपाळीत ओलिताला जावे लागले, तर दुसऱ्या दिवशीचा व्यायाम सरळ पुढे ढकलावा. साठ किलो वजनाच्या तरुणाला वजनांच्या व्यायामासाठी दिवसाला साधारण ८५ ते १२० ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावडीतून सुमारे २५ ग्रॅम, चार अंड्यांतून २४, शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीतून २२ आणि मूठभर शेंगदाण्यांतून आठ-दहा ग्रॅम मिळतात. उरलेली दूध, दही व ज्वारीच्या भाकरीतून भरून निघतात. ज्या शिवारात सोयाबीनचे ढीग लागतात, तेथील मुलांनी उधारीवर पावडरचे डबे घ्यावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हंगामामुळे दोन-तीन आठवडे खंड पडला, तर ताकद फारशी जात नाही, पण स्नायूंची भार सोसण्याची सवय मोडते. पुन्हा सुरुवात करताना जुन्या वजनाच्या दोन-तृतीयांशापासून करावी आणि दोन आठवड्यांत पूर्ववत यावे. थेट जुन्या वजनावर तुटून पडल्यानंतर, त्यातही मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडले असताना, स्नायूंना असह्य वेदना व सूज येऊन लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी घरगुती लेप लावत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.