वर्षभराच्या भटकंतीचे फोटो डिसेंबरात उपसायचे कसे (आणि पुढच्या वर्षाचं गणित त्यातूनच मांडायचं कसं)

डिसेंबर आला की सगळीकडे सुरू होतं, 'माझं २०२५', 'यंदाचे बेस्ट दहा', आणि त्यात फोटो कुठले तर ज्यांना लाईक्स जास्त पडले ते. टाका की, मीही टाकते, पण त्यातून आपल्याला स्वतःबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. तोच वर्षभराचा ढीग जरा शिस्तीत उपसला तर पुढच्या वर्षी कुठे जायचं, कधी जायचं, बॅगेत काय टाकायचं आणि काय घरी ठेवायचं हे बऱ्यापैकी त्यातच लिहिलेलं सापडतं. मी गेली काही वर्षं हे नेमाने करतेय आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदाचं लिहून काढते. मोबाईलवाल्यांनाही चालेल, मोठा कॅमेरा पाहिजेच असं काही नाही.

आधी सगळं एका जागी आणा. मेमरी कार्डं, मोबाईल, लॅपटॉपवरचे ते 'न्यू फोल्डर' आणि 'न्यू फोल्डर २', सगळं. व्हॉट्सॅपवरून उतरवलेले घेऊ नका, ते दाबून बारीक झालेले असतात, ओरिजिनल शोधा. फोल्डरला नाव देताना आधी वर्ष मग महिना मग जागा, म्हणजे '२०२५-०६ दिवे घाट' असं, की ते आपोआप क्रमाने लागतात. आणि काहीही डिलीट करायच्या आधी कॉपी करा, दोन हार्डडिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी. माझी बहिणीकडे असते, तिच्या लोणच्याच्या बरण्यांच्या कपाटात, पण सुरक्षित आहे.

मग पहिला हात फिरवायचा आणि तो भराभर. फोटो छोट्या चौकोनांत ठेवा, मोठे करून डोळा शार्प आलाय का वगैरे बघत बसू नका, ते नंतर. छोट्या चौकोनातही जो फोटो नजर धरतो त्याची मांडणी बहुतेक वेळा चांगली असते, त्याला एक स्टार द्यायचा आणि पुढे जायचं. डिजिकॅम म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्टार देता येतात, तारखेने लेन्सने सगळ्याने चाळता येतं, महागडं काही घ्यायची गरज नाही. एका बैठकीत एकच महिना करा. नाहीतर ऑगस्टपर्यंत पोचेस्तोवर डोळे इतके दमलेले असतात की सगळंच सारखं दिसायला लागतं आणि तुम्ही एकतर सगळे ठेवता नाहीतर सगळे उडवता.

आता खरी अडचण. आपण फोटो बघतच नसतो, आपण ती ट्रीप बघत असतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला विचारा, कोकणकड्यावरचा त्याचा प्रत्येक फोटो त्याला भारी वाटतो, अगदी नुसतं पांढरं धुकं आलं असेल तरी. पण दमछाक फोटोत दिसत नाही हो. बघणाऱ्याला धुकंच दिसतं. तिथलं इंद्रवज्र, म्हणजे समोरच्या ढगांत दिसणारं गोल इंद्रधनुष्य, मिळालं असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी सूर्य पाठीमागे आणि समोर दरीत ढग असं जमून यावं लागतं, कडा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणजे सकाळचीच वेळ, आणि तरी नशीब. उलट घराजवळच्या टेकडीवर चप्पल घालून गेलेलो असताना काढलेला फोटो निवडीत येतो आणि आपल्यालाच पटत नाही. ह्याच्यावर माझा उपाय म्हणजे आईला बसवायचं. ती ट्रीपला नव्हती, तिला लेन्सशी देणंघेणं नाही. ती एकेक बघत जाते आणि 'हं' म्हणते. जिथे थांबून 'ही कोण गं?' किंवा 'हे कुठलं?' विचारते तिथे दुसरा स्टार. तुमच्याकडे आई नाहीतर आजोबा, शेजारच्या काकू, कुणीही चालेल, फक्त फोटोग्राफर मित्र नको, ते लगेच 'हायलाईट्स गेलेत' वगैरे सुरू करतात.

दोन स्टारवाले वेगळे काढले की प्रत्येकाखाली एक ओळ लिहायची, हा का आला. लाजायचं नाही, 'लाईट बरा होता' एवढंही चालतं. ह्या ओळींतूनच पुढचं सगळं निघतं. माझं यंदाचं सांगते म्हणजे कळेल.

भिगवण. उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला अर्धं पुणं जातं, कुंभारगाव नाहीतर डिकसळला गाडी लावायची, होडी घ्यायची. माझ्या ढिगात रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचेच, मान खाली घातलेले फोटो पोत्याने आहेत, कारण ते पक्षी खातातच तसे, चोच उलटी करून पाणी गाळत, तासन् तास. ते सगळे गेले. राहिले ते उडायच्या आधीचे. उडायचं म्हटल्यावर फ्लेमिंगोला पाण्यावरून काही पावलं धावावं लागतं, वाऱ्याच्या दिशेने तोंड करून, आणि धावता धावता पंख उघडले की तो आतला लालभडक गुलाबी आणि काळा एकदम दिसतो, एरवी उभा असताना तो पक्षी पांढराच वाटतो. म्हणून ओळ काय लिहिली, 'वारा कुठून होता ते बघून होडी लावली'. हे कुणी शिकवत नाही, होडीवाल्या काकांना मात्र माहीत असतं, त्यांना विचारायचं. आणि त्यांना आधीच सांगायचं की काका उडवू नका, आम्ही थांबू. काही लोक होडी थेट थव्यात घालायला सांगतात, फोटो मिळतो पण सगळे पक्षी पाठमोरे आणि बिचारे दमतात ते वेगळंच. सेटिंगचं म्हणाल तर शटर १/१००० च्या खाली नको, आणि मागे गडद पाणी पुढे पांढरा पक्षी असला की कॅमेरा पाणी उजळायला जातो आणि पिसं जळतात, तेव्हा एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) उणे ०.७ नाहीतर उणे १ ठेवा. परत येताना चिलापी थाळी खा, हे फोटोग्राफीत येत नाही पण सांगितलं पाहिजे.

वारीचं अगदी वेगळं निघालं. दिवे घाटात वरून काढलेला तो नागमोडी रस्ता आणि भगव्या पताका, तो सगळ्यांकडे असतो, माझ्याकडेही आहे, दरवर्षी काढते आणि दरवर्षी एका स्टारवर थांबतो. पालखी पुण्याहून सासवडला जाते तो टप्पा मोठा, घाट चढेपर्यंत दुपार होते, ऊन असलं तर डोक्यावर आणि नसलं तर सगळं राखाडी. दोन स्टार मिळाले ते रिंगणातले, आणि तेही घोडा धावताना नाही. स्वाराचा अश्व आणि त्याच्यामागून माऊलींचा अश्व, ज्याच्यावर कुणी बसत नाही, हे दोन्ही धावून गेले की सगळे फोटोवाले कॅमेरा खाली करून स्क्रीन बघायला लागतात. नेमकं तेव्हाच लोक वाकतात, घोड्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. एक आजी होत्या, त्यांनी माती आधी पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी घट्ट केली आणि मग उरलेली कपाळाला लावली. आईने 'ही कोण गं' विचारलं ते ह्याच आजींना बघून. म्हणून खाली ओळ, 'घोडा गेल्यावर थांबले'. माणसांचे असे जवळून फोटो काढताना विचारायचं, 'माऊली, काढू का?' एवढं पुरतं, नाही म्हणाले तर नाही. पुढच्या वर्षी मला काटेवाडीला जायचंय, तुकोबांच्या पालखीला तिथे मेंढ्यांचं रिंगण असतं, जमिनीलगत बसून काढायचं मनात आहे.

कासच्या फुलांच्या पठारावर फार लिहित नाही, सप्टेंबरात सगळेच जातात. एवढंच की तेरडा गुलाबी आणि सोनकी पिवळी असा गालिचा वाईड लेन्सने काढला की प्रत्यक्षापेक्षा विरळ दिसतो, फुलं बारकी आणि मधलं गवतच जास्त. लांबची लेन्स लावून तिरकं बघितलं की थर एकावर एक दाबले जातात आणि मग तो गालिचा वाटतो, शिवाय फुलांत पाय टाकावा लागत नाही. सीतेची आसवे ही बारकी फुलं मात्र जवळूनच, तीही वाटेच्या कडेला असतील तीच. २०१२ ला जागतिक वारशात गेल्यापासून शनिवार-रविवारी तिथे काय गर्दी असते ते सांगायला नको, मधल्या वारी जा आणि बुकिंग ऑनलाईन आधीच करा. गर्दी बघून वैतागलात तर चाळकेवाडीचं पठार आहे की, पवनचक्क्या फ्रेममध्ये येतात पण मला त्या आवडतात.

ओळी लिहून झाल्या की आता आकड्यांकडे. प्रत्येक फोटोबरोबर किती वाजता, कुठल्या लेन्सने, किती मिलिमीटरवर हे आपोआप साठलेलं असतं. कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर आहे ना तेवढं बघा, कित्येकांचं चुकीचं असतं आणि मग पहाटेचा फोटो दुपारी दोनचा दिसतो. दोन स्टारवाले लेन्सप्रमाणे लावा. माझे जवळजवळ सगळे एकतर १८ वर (वाईड) नाहीतर ३०० वर (लांबची) निघाले, मधल्या लेन्सने काढलेलं काही टिकलंच नाही, म्हणजे ती जी जड मधली लेन्स मी वर्षभर पाठीवर वाहते ती फिरतेय आपली फुकट. पुढच्या वर्षी ती घरी. तिच्या जागी पाण्याची बाटली आणि पावसाळ्यात जास्तीचा पोंचो. कुणाला नवीन लेन्स घ्यायची खाज सुटली असेल तर आधी हे करा, पैसे वाचतील. वेळेचंही तसंच, सकाळचे नऊ वाजून गेल्यानंतरचं फार थोडं शिल्लक राहतं, आणि जे राहतं ते आतलं. वेरूळला दहा नंबरच्या लेण्यात, सुतारकी झोपडीत, खांबांमागचा अंधार आणि दारातून येणारा उजेड वगैरे. (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, दोन्ही एका फेरीत करणाऱ्यांनी वार बघून निघा. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, आणि ट्रायपॉडला परवानगी लागते.)

आता प्रिंट काढा. हे लोक टाळतात आणि मला खरंच कळत नाही का. दोन स्टारवाल्यांचे साधे ४ बाय ६ चे प्रिंट कुठल्याही लॅबमध्ये स्वस्तात होतात, ते फरशीवर पसरायचे आणि त्यातून बारा ठेवायचे. प्रत्येक महिन्याचा एक असला हट्ट नको, मे कोरडा गेला तर गेला. स्क्रीनवर एकामागून एक बघताना जे कळत नाही ते शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतं, की हे चार फोटो म्हणजे एकच फोटो आहे, फक्त जागा वेगळी. माझ्याकडे दरवर्षी पाठमोरा माणूस आणि समोर दरी असे निघतात. एक ठेवायचा, बाकीचे पाकिटात. उरलेल्या प्रिंटचं काय करायचं तर ज्यांचे फोटो आहेत त्यांना द्यायचे, भिगवणच्या काकांना मी दरवर्षी नेऊन देते, तिथे पुढच्या वेळी होडी आधी आपली लागते हा फायदा आहेच, लपवत नाही.

शेवटचं काम कॅलेंडरचं, आणि इथे इंग्रजी तारखांवर जाऊ नका, भिंतीवरचं कालनिर्णय काढून खाली ठेवा. भिगवण, वेळासची कासवं ह्यांना महिना सांगितला की पुरतं, भिगवणला हिवाळा आणि कासवांना फेब्रुवारी ते एप्रिल. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, पावसाळ्यात बंद असतो, म्हणजे उन्हाळ्याचं बुकिंग आत्ताच बघा. पण वारी तिथीवर चालते. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे यंदा ६ जुलैला असलेली आषाढी पुढच्या वर्षी २५ जुलैला जाते. जूनमध्ये रजा टाकून बसलात तर घाटात तुम्ही एकटेच. रजा जुलैत टाका.

काजव्यांचं गणित त्याहून नाजूक. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत काजवे असतात आणि फोटोला अंधार पाहिजे, म्हणून सगळे अमावस्या धरतात. यंदा अमावस्या मेच्या शेवटी होती, हिशोबाने अगदी बरोबर, आणि पाऊस २६ मेलाच मुंबई-पुण्यात येऊन हजर, त्यामुळे माझ्या ढिगात काजव्यांच्या फोल्डरमध्ये ओल्या ताडपत्रीचे फोटो जास्त आहेत. २०२६ ला अमावस्या येते एकतर मेच्या मध्यावर, तेव्हा काजवे पुरते सुरू झालेले नसतात, नाहीतर जूनच्या मध्यावर, तेव्हा पावसाचा भरवसा नाही. मग काय करायचं, तर अमावस्या सोडा आणि कृष्ण पक्ष धरा. मेच्या शेवटच्या दिवशी पौर्णिमा आहे, त्यानंतर चंद्र रोज उशिरा उगवत जातो, पंचमी-षष्ठीपासून पुढे रात्रीचे पहिले दोन-तीन तास मस्त अंधार मिळतो आणि काजव्यांना तेवढेच पुरतात. म्हणजे ५ ते १० जून, कालनिर्णयवर गोल करून ठेवा. उजेड असताना पोचा, हिरड्या-बेहड्याचं एखादं झाड हेरून ट्रायपॉड लावा, उजेडातच फोकस करून मॅन्युअलवर टाका आणि फोकसच्या रिंगला चिकटपट्टी लावून टाका, अंधारात हात लागून ती हललीच पाहिजे असा नियम आहे. मग एफ २.८ (लेन्सचं तोंड मोठं उघडं), आयएसओ १६०० (उजेड टिपायची ताकद वाढवलेली), वीस-वीस सेकंदांचे फोटो काढत राहायचं आणि घरी सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवायचे. टॉर्च, मोबाईलची स्क्रीन, गाडीचे दिवे सगळं बंद, उजेडात काजवे चमकायचे थांबतात. वनखात्याची वेळेची बंधनं असतात ती निघायच्या आधी गावात फोन करून विचारून घ्या, आणि जेवणाचंही तेव्हाच सांगून ठेवा, आयत्या वेळी पोचलात तर पिठलंसुद्धा संपलेलं असतं.