छताच्या दिव्यासाठी एलईडी बल्ब : वॅट नव्हे, ल्युमेन पाहून घ्यावा

दुकानात जाऊन आपण सवयीने "नऊ वॅटचा बल्ब द्या" असे म्हणतो. परंतु वॅट हे बल्ब किती वीज खातो याचे माप आहे, तो किती उजेड देतो याचे नव्हे. उजेडाचे माप ल्युमेन असून ते खोक्यावर छापलेले असते. पूर्वीचा 60 वॅटचा तारेचा बल्ब साधारण 700 ल्युमेन देत असे, तेवढा उजेड आज चांगला 9 वॅटचा एलईडी सहज देतो. मात्र वॅटमागे 80 ल्युमेन देणारा 9 वॅटचा बल्ब 720 वर थांबतो आणि वॅटमागे 100 देणारा 900 पर्यंत जातो, तेव्हा दोन्ही खोकी शेजारी ठेवून हा एक आकडा ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खोलीला किती उजेड लागेल याचा हिशेब घरीच करून जावे. बसायच्या खोलीसाठी चौरस फुटाला 20 ते 25 ल्युमेन हे प्रमाण मला व्यवहारात योग्य वाटते. दहा बाय बाराची खोली 120 चौरस फुटांची, म्हणजे एकूण 2400 ते 3000 ल्युमेन लागतात. एका 9 वॅटच्या बल्बने ती उजळणार नाही. 20 वॅटची एलईडी पट्टी आणि सोबत एक 9 वॅटचा बल्ब असे जमवावे लागते. हा हिशेब पांढऱ्या रंगाच्या स्लॅबचा आहे. जुन्या सोलापुरातील माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत काळपट तुळया आणि लाकडी फळ्या उजेड शोषून घेतात, त्यामुळे तेथे निदान चौथाई उजेड वाढवूनच धरावा.

दुधी काचेचा डोम असेल तर आणखी वजावट करावी लागते, कारण पुसून स्वच्छ केलेली दुधी काचही उजेडाचा सुमारे चौथा हिस्सा अडवते आणि आत धूळ व किडे साचले की त्याहून अधिक. त्याहून मोठी अडचण उष्णतेची आहे. एलईडीचे इलेक्ट्रॉनिक भाग बुडाशी असतात, ते तापले की बल्बचे आयुष्य घटते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा स्लॅबला चिकटलेल्या बंद डोममधील हवा खोलीहूनही गरम असते. आमच्या समोरच्या खोलीत अशा डोममध्ये बसवलेला 12 वॅटचा बल्ब एका उन्हाळ्यातच गेला. उतरवून पाहिला तेव्हा त्याची पांढरी टोपी पिवळट पडली होती आणि बुडाजवळचे प्लास्टिक तपकिरी झाले होते. डोमवर "कमाल 60 वॅट" असे लिहिले असल्यास ती मर्यादा तारेच्या बल्बसाठी असते, म्हणून तेवढ्यावर विसंबून मोठा एलईडी आत कोंबू नये. बंद डोममध्ये एका मोठ्या बल्बऐवजी दोन लहान बल्ब, किंवा खालून उघडा असलेला डोम, हा माझ्या मते योग्य मार्ग आहे.

स्वयंपाकघरात छताच्या मध्यावरचा दिवा कितीही मोठा घेतला तरी ओट्याशी उभे राहिल्यावर तो पाठीमागे येतो आणि आपलीच सावली चिरण्याच्या फळीवर पडते; तेथे ओट्यावरच वेगळी पट्टी लावावी. घरी विडी वळणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या बायकांच्या बाबतीतही हेच खरे आहे.

रंगाचे म्हणाल तर 3000 केल्विनचा उजेड पिवळसर, 6500 चा निळसर पांढरा, आणि 4000 चा मधला असतो. हा मधला मला घरासाठी पसंत आहे. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, 80 किंवा अधिक आहे याची खात्री करावी. तो कमी असला की शेंगाचटणीचा लाल रंग मातकट दिसतो आणि शिलाईच्या लाल व मरून दोऱ्यांत फरक कळेनासा होतो.

शेवटी होल्डर पिनचा आहे की आट्यांचा ते पाहून घ्यावे, बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) नोंदणी चिन्ह तपासावे, आणि दुकानातच बल्ब लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे धरावा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर त्या बल्बचा उजेड थरथरतो आहे असे समजून दुसरा मागावा.