जुना सॅक्सोफोन पारखताना: नाव, अनुक्रमांक आणि हातातले वाद्य

जुना सॅक्सोफोन घ्यायचे ठरवलेला वादक बहुतेक वेळा एखादे नाव मनात धरून निघतो: सेल्मर मार्क सिक्स, कॉन टेन एम, किंग सुपर ट्वेंटी. त्यात गैर काही नाही. मात्र तुलना अखेर दोन वाद्यांची करावी लागते, दोन नावांची नव्हे. कारण साठ-सत्तर वर्षे वेगवेगळ्या हातांतून गेलेल्या एकाच मॉडेलच्या दोन वाद्यांत कधी कधी इतका फरक पडलेला असतो, की तितका दोन निराळ्या मॉडेलांतही आढळत नाही. मॉडेलचा अभ्यास करायचा तो समोरच्या वाद्यात नेमके काय तपासायचे हे आधीच ठाऊक असावे म्हणून.

सुरुवात अनुक्रमांकापासून करावी. तो साधारणपणे वाद्याच्या मागच्या बाजूला, उजव्या अंगठ्याच्या आधाराजवळ ठोकलेला असतो आणि १९२० च्या दशकातील अमेरिकी वाद्यांवर त्याच्या वर-खाली एखाददुसरे रोमन अक्षरही असते. हे अक्षर पाहायला मी एकदा विसरलो. छायाचित्रांवरून ‘आल्टो’ (टेनरपेक्षा लहान आकाराचा सॅक्सोफोन) म्हणून घेतलेले वाद्य घरी आल्यावर प्रत्येक सूर भलत्याच जागी लागू लागला, तेव्हा अनुक्रमांकाच्या वरचे बारीक ‘सी’ दिसले. ते सी मेलडी होते, म्हणजे आल्टो आणि टेनर यांच्या मधल्या आकाराचे वाद्य. पियानोसाठी लिहिलेली स्वरलिपी पट्टी न बदलता वाजवता यावी म्हणून ते १९२० च्या दशकात घरोघरी विकले गेले. ‘एल’ आणि ‘एच’ ही अक्षरे तर त्याहून महत्त्वाची आहेत. ‘एल’ असेल तर वाद्य आजच्या ४४० हर्ट्झच्या सुरात जुळते; ‘एच’ असेल तर ते सुमारे ४५७ हर्ट्झच्या जुन्या चढ्या सुरासाठी घडवलेले असते. माउथपीस (फुंकण्याचा तोंडाकडचा तुकडा) बाहेर ओढून असे वाद्य खाली आणता येईल असे वाटते खरे, पण स्वररंध्रांमधली अंतरेच चढ्या सुराच्या हिशेबाने पाडलेली असल्यामुळे एक सूर जुळवताना दुसरा बिघडतो.

अनुक्रमांकावरून साल काढण्यासाठी जे तक्ते वापरले जातात, त्यांतील साल अंदाजे धरावे आणि वर्ष-दोन वर्षांच्या फरकावर किंमत चढू देऊ नये. दुसरी खबरदारी बेलवरच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडावरच्या, नावाबद्दल. मोठे कारखाने दुकानदारांसाठी आणि वितरकांसाठी त्यांच्या नावाची वाद्ये बनवून देत, त्यामुळे अनोळखी नाव कोरलेल्या वाद्याचा खरा जन्मदाता की-गार्डचा (कळांच्या झाकणांवरच्या संरक्षक पट्टीचा) आकार, अंगठ्याचा आधार आणि बेल व नळी यांना जोडणारी पट्टी पाहूनच ओळखावा लागतो. अशी वाद्ये स्वस्तात मिळतात, परंतु त्यांत बऱ्याचदा कारखान्याची जुनी रचनाच वापरलेली असते, हेही लक्षात ठेवावे.

आता कारखान्यांच्या घराण्यांकडे येऊ. बोटांच्या सोयीच्या दृष्टीने पाहिले तर सॅक्सोफोनच्या इतिहासातली ठळक सीमारेषा १९३६ च्या सुमारास पॅरिसच्या सेल्मरने आणलेल्या बॅलन्स्ड ॲक्शन या मॉडेलची आहे. तिच्यात मंद्र ‘बी’ आणि ‘बी फ्लॅट’ यांची झाकणे बेलच्या उजव्या बाजूला आली आणि डाव्या करंगळीवरचा भार हलका झाला. १९४० च्या दशकाच्या अखेरच्या सुपर बॅलन्स्ड ॲक्शनमध्ये दोन्ही हातांच्या कीजच्या ओळी एका सरळ रेषेतून हटवून मनगटाच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे तिरप्या बसवल्या गेल्या. १९५४ चा मार्क सिक्स याच वाटेवरचा पुढचा टप्पा असून आजचे बहुसंख्य सॅक्सोफोन त्याच बोटांच्या मांडणीवर चालतात. याउलट अमेरिकेच्या इंडियानातील एल्कहार्टच्या कॉन, ब्यूशर आणि मार्टिन या कारखान्यांची आणि क्लीव्हलँडच्या किंगची वाद्ये आवाजाला भरदार असली, तरी त्यांपैकी अनेकांवर डाव्या करंगळीची जागा आज सवय नसलेल्या वादकाला अवघडल्यासारखी वाटते. ही अडचण सरावाने कमी होते, नाहीशी होत नाही. म्हणून जलद लय वाजवणाऱ्याने ती किमतीइतकीच गंभीरपणे धरावी.

मार्क सिक्सबद्दल एक मत स्पष्टपणे मांडतो. पाच आकडी अनुक्रमांकाची, म्हणजे ढोबळमानाने १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंतची वाद्ये सर्वांत उत्तम, ही समजूत बाजाराने उचलून धरलेली आहे. कानाने तिची खात्री सहसा पटत नाही. आल्टो आणि टेनरपुरते बोलायचे तर हे मॉडेल सुमारे वीस वर्षे बनत राहिले, त्या काळात नळीच्या आणि नेकच्या (माउथपीस बसतो त्या वरच्या वाकड्या नळीच्या) मापांत बदल होत गेले, आणि लाखाच्या पुढच्या क्रमांकाची कित्येक वाद्ये सुरात अधिक नेटकी निघतात. आणखी एक गोष्ट म्हणजे अमेरिकेसाठीच्या मार्क सिक्सचे भाग फ्रान्समध्ये बनून जोडणी, लॅकर आणि कोरीवकाम एल्कहार्टला होत असे, त्यामुळे नक्षी निराळी दिसली म्हणून वाद्य बनावट ठरत नाही.

रचनेतला जो तपशील दुरुस्तीच्या खर्चावर थेट परिणाम करतो, तो आधी अभ्यासावा. कॉनच्या १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या वाद्यांत स्वररंध्रांची कड बाहेर वळवलेली असते. ती मऊ गोल कड पॅडला (रंध्र बंद करणाऱ्या झाकणातल्या गादीला) जपते, पण वाकडी झाली तर सपाट रंध्रासारखी कानशीने घासून सरळ करता येत नाही, कारण घासताच वळणच निघून जाते. मार्टिनची रंध्रे नळीतून ओढून काढलेली नसून स्वतंत्रपणे बनवून डाख देऊन बसवलेली असतात, त्यामुळे पॅड नवे असूनही गळती राहिली तर त्या सांध्यांवर संशय घ्यावा. ब्यूशरच्या अनेक वाद्यांत पॅड लाखेने न चिकटवता मधल्या खटक्याच्या बटणाने बसत. मागच्या कारागिराने ते खटके कापून टाकले असतील तर मूळ पद्धतीचे पॅड थेट बसवता येत नाहीत.

प्रत्यक्ष वाद्य हाती आले की खिडकीजवळ जावे आणि बेलवरची नक्षी तिरप्या उजेडात पाहावी. कोरीव रेषांच्या कडा धारदार असतील तर पितळ फारसे घासले गेलेले नाही. रेषा पाण्याने पुसल्यासारख्या उथळ दिसत असतील आणि वर एकसारखे चकचकीत लॅकर असेल, तर ते कधीतरी यंत्रावर पॉलिश करून पुन्हा चढवलेले आहे. यामुळे वाद्य वाईट वाजतेच असे नाही, मात्र मूळ लॅकरची किंमत त्याला देऊ नये. नंतर नेक आडवी धरून तिच्या वळणाच्या पोटावर अंगठा फिरवावा. तिथे सुरकुती किंवा चपटेपणा लागला तर नेक कधीतरी खाली दबलेली आहे आणि वरच्या सप्तकातले सूर त्यामुळे डळमळू शकतात. बेलवरचा लहानसा पोचा दुय्यम असतो. जोडपट्टीच्या बुडाशी नळी आत दबलेली असेल तर वाद्य पडलेले आहे, आणि मग लांब सळयांवरच्या कीज अडकतात का ते एकेक करून पाहावे. नेकवर गुलाबी ठिपके दिसले तर पितळातले जस्त निघून चालले आहे असे समजावे.

वाजवून पाहताना स्वतःचा माउथपीस न्यावा, शिवाय मोठ्या पोकळीचा एक जुन्या धाटणीचा माउथपीसही मागून घ्यावा. १९२० आणि १९३० च्या दशकांतील वाद्ये तशा माउथपीससाठी बनलेली असल्यामुळे अरुंद, उंच आतल्या उताराच्या माउथपीसवर ती बेसूर वाटतात आणि दोष वाद्याच्या माथी येतो. प्रत्येक सूर दोन्ही सप्तकांत डोळे मिटून लावावा, स्थिर झाल्यावरच ट्यूनरकडे (सूर मोजणाऱ्या यंत्राकडे) पाहावे, आणि सर्वांत खालचा ‘बी फ्लॅट’ हळू आवाजात निघतो का ते तपासावे. मग खालचा ‘एफ’ धरून ‘जी शार्प’ची की दाबावी, सूर बदलला तर वरचे झाकण नीट दबत नाही, जी एका स्क्रूने सुटणारी बाब आहे. अंधाऱ्या खोलीत नळीत दिवा सोडून पॅडच्या कडेने उजेड कुठे झिरपतो ते पाहिले की उरलेली गळती कळते.

यानंतर प्रत्येक वाद्यापुढे मागितलेली किंमत आणि सर्व पॅड बदलून पूर्ण दुरुस्ती करण्याचा कारागिराने सांगितलेला खर्च यांची बेरीज लिहावी, कारण ‘वाजण्याच्या स्थितीत’ या शब्दांचा अर्थ विकणाऱ्यागणिक बदलतो. शक्य असेल तर दोन्ही वाद्यांवर एकच माउथपीस आणि एकच रीड वापरून तोच तुकडा ध्वनिमुद्रित करावा, फायलींना नावाऐवजी केवळ आकडे द्यावेत आणि एक-दोन दिवसांनी, कोणता आकडा कोणत्या वाद्याचा हे विसरल्यावर, त्या ऐकाव्यात.