जलपर्णीवर सोंडकिडे सोडायचे असतील तर पाऊस ओसरल्यावर

सोंडकिडे जलपर्णी खाऊन तिला आवर घालतात, पण पुराच्या पाण्यात सोडले तर तिच्याबरोबरच वाहून जातात. म्हणून पाऊस ओसरला, तळ्याचं पाणी स्थिरावलं की हे काम हाती घ्या. कडाक्याच्या थंडीत किडे मंदावतात, त्याच्या आत त्यांचा जम बसायला हवा. गावतळं, पाझर तलाव, संथ नाला इथेच हा उपाय चालतो. वाहत्या नदीत मेहनत वाया जाते.

निओकेटिना प्रजातीतल्या दोन जातींचे हे सोंडकिडे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने चाचण्या घेऊन ते आपल्याकडे सोडले. त्यांची पिढी जलपर्णीवरच वाढते, त्यामुळे भात-उसाची काळजी नको.

विकत आणण्याआधी आपल्या तळ्यात ते आहेत का ते पाहा. पानावर दोन-चार मिलिमीटरचे चौकोनी, खरवडल्यासारखे चट्टे दिसले तर आहेत. दिवसा ते मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानात दडतात. पान उलगडलं की जेमतेम पाच मिलिमीटरचा करडा-तपकिरी किडा सापडतो. देठ उभा चिरा: आत बुंध्याकडे गेलेला बोगदा आणि पांढरी, बिनपायाची अळी दिसेल. खरं नुकसान ही अळीच करते. कोष मात्र पाण्याखालच्या जिवंत मुळांवर होतो. चिखलात अडकलेल्या झाडांवर पिढी पुढे सरकत नाही, म्हणून किडे सोडताना तरंगती झाडं निवडा.

दहा-वीस किड्यांनी काही होत नाही, शेकड्यांनी लागतात. दुसऱ्या तळ्यातून आणताना किडे वेचून आणा. अख्खी झाडं स्वच्छ तळ्याकडे नेऊ नका, नाहीतर रोगच घरी आणाल.

अंड्यापासून किडा व्हायला साधारण तीन-चार महिने, तळं मोकळं दिसायला दोन-चार वर्षं. तेवढा दम नसेल तर या वाटेला जाऊच नका. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हभोवतीची जलपर्णी हाताने काढत राहा, पण एका बाजूचा पट्टा किड्यांसाठी राखा. तणनाशक मारून सगळा थर एकदम बुडवला तर किडेही उपाशी मरतात, आणि कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपून मासळी जाते ती वेगळीच. गावाचं सांडपाणी तळ्यात येत असेल तर आधी ते वळवा. त्या खतावर जलपर्णी किड्यांच्या पुढे धावते.

बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर उगवलेली रोपं फुलावर येण्याआधीच उपटा.