द्राक्षबाग आणि हवामान : या चुका टाळा

“काल जेमतेम दोन मिलिमीटर पाऊस झाला, एवढ्याने काय होतंय?” द्राक्षबागेत एवढं महागात पडणारं वाक्य दुसरं नसेल. डाऊनीला, म्हणजे ओल्या पानावर येणाऱ्या बुरशीच्या रोगाला, पावसाच्या आकड्याशी देणंघेणं नसतं, पान किती तास ओलं राहिलं याच्याशी असतं. दुपारची जोराची सर वाऱ्याने तासाभरात सुकते. संध्याकाळची भुरभुर मात्र रात्रभर पानांवर राहते, त्यात पहाटेचं दव मिसळतं, आणि बुरशीला पानात शिरायला लागतात ते काही तास आयतेच मिळतात. म्हणून पर्जन्यमापकाची नोंद ठेवता तशीच पानं किती वाजता कोरडी झाली, तेही लिहून ठेवा.

पानावर पिवळसर तेलकट डाग दिसला, पण डाऊनी आहे की नाही कळत नाही? ते पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या बरोबर खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी वाढ दिसली, तर तो डाऊनीच, आणि डाग जिवंत आहे.

याच्या उलट चूक म्हणजे पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहणं. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाला पानावर पाणी लागतच नाही. ढगाळ, दमट हवा, २० ते २७ अंश तापमान आणि आत दाटलेली सावली एवढ्यावर तिचं भागतं. मग घाबरून भर उन्हात गंधक मारलं जातं आणि पानं करपतात, तो आणखी वेगळा ताप.

फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला की फुलाची टोपी नीट गळत नाही, परागीभवन बिघडतं आणि गळ होते. अशा वेळी ‘वेलीला ताकद’ म्हणून नत्र देऊ नका. शेंडा जोमाने पळतो आणि घड उपाशी राहतो.

एका वर्षी मी स्वतःच चुकलो. आठवडाभर ढग होते, घडांना हवा लागावी म्हणून दोन्ही बाजूंची पानं काढून टाकली. ढग सरले. तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडचे मणी तपकिरी पडून चेपले होते, पूर्वेकडचे मात्र ठणठणीत. थेट उन्हातला मणी भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त तापू शकतो. आता पानं काढतो ती सकाळच्या उन्हाच्या बाजूची, तीही मणी लहान असतानाच.

मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, बाग कोरडी ठेवून एकदम भरपूर पाणी सोडलं, किंवा पाऊसच तसा आला, तर मणी तडकतात. अंदाजावर जाऊ नका. ठिबकच्या नळीखाली वीतभर उकरा, मातीची मूठ दाबून बघा. थोडं पण नियमित पाणी दिलेल्या बागेला असा पाऊस कमी बाधतो.

आणि घड जिरले, म्हणजे वेलीवर निघालेच नाहीत, की दोष यंदाच्या हवेला देतात, त्यात बऱ्याचदा गफलत असते. या हंगामाचे सूक्ष्मघड (डोळ्यात दडलेले इवलेसे घड) मागच्या हंगामात, काडीवरचे डोळे म्हणजे पुढे फुटणारे कोंब तयार होतानाच ठरलेले असतात. तेव्हा ढग टिकले असतील, किंवा दाटीमुळे काडीला ऊन मिळालं नसेल, तर डोळा फुटतो पण घड निघत नाही. छाटणीआधी काही काड्यांचे डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या आणि मगच काडीवर किती डोळे राखायचे ते ठरवा.