रेझिन किती घालायचं? अ‍ॅक्रिलिक गमच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

केमिस्ट्रीत एमएस्सी करून कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत टेप-लेबलच्या लॅबमध्ये लागलात, की एक वाक्य सतत कानावर पडतं : "गम धरत नाही, रेझिन वाढवा." ते निम्मंच खरं आहे.

आपला अ‍ॅक्रिलिक गम बहुतेक ब्यूटाइल अ‍ॅक्रिलेट किंवा २-इथाइलहेक्झाइल अ‍ॅक्रिलेटचा, सोबत थोडं अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड. ब्यूटाइलच्या होमोपॉलिमरचा टीजी (ज्या तापमानाखाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो ते) साधारण उणे ५४ अंश, म्हणजे खोलीत तो मऊच असतो. चिकटपणा वाढवायला घालतात ते रेझिन म्हणजे टॅकिफायर. उदाहरणार्थ रोझिन एस्टर, हातात घेतलं तर काचेसारखं कडक आणि ठिसूळ. मग ठिसूळ रेझिन घालून गम जास्त चिकट का होतो? हा प्रश्न नीट सुटला की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

रेझिनचे रेणू लहान असतात. ते पॉलिमरच्या लांब साखळ्यांचा गुंता विरळ करतात, त्यामुळे हळू दाबल्यावर गम सहज पसरून पृष्ठभागाला भिडतो. पण त्याच वेळी मिश्रणाचा टीजी वर सरकतो. म्हणून झटक्याने सोलताना तोच गम ताठ होतो, ऊर्जा खातो आणि पील, म्हणजे पट्टी सोलायला लागणारं बल, वाढतो. हळदीच्या पॉलिथिन पाउचसारख्या सहजी न धरणाऱ्या पृष्ठभागावर हा फायदा विशेष दिसतो.

किंमत मोजावी लागते ती शिअरमध्ये, म्हणजे वजनाखाली न घसरता धरून राहण्यात. २५ बाय २५ मिलिमीटरचा तुकडा स्टीलच्या पाटीवर लावून १ किलोचं वजन टांगा; रेझिन वाढत गेलं की वजन लवकर खाली येतं. गुंता विरळ केलाय, तर गमची आतली पकडही सैल होणारच. क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन) वाढवून ती काही अंशी परत मिळते, मात्र टॅक, म्हणजे स्पर्श होताच धरणारा चिकटपणा, थोडा जातो. आणि तुमचा क्रॉसलिंकर अ‍ॅल्युमिनियम चिलेट असेल तर रेझिनची अ‍ॅसिड व्हॅल्यू आधी बघा, कारण मोकळं रोझिन अ‍ॅसिड त्यातला वाटा खातं.

पीलचा नुसता आकडा लिहून पट्टी टाकून देऊ नका, हे मी प्रत्येक नव्या मुलामुलीला कळकळीने सांगते. पाटी उजेडात तिरपी धरा. स्वच्छ आहे, की गमचे बारीक धागे आणि थर मागे राहिलाय? थर राहिला असेल तर गम आतूनच फाटलाय. आकडा कितीही चांगला असो, ते लेबल उन्हातल्या ट्रकमध्ये घसरायचीच भीती. पट्टी टकटक आवाज करत धक्क्याधक्क्याने सुटत असेल, तर उलट, गम फार ताठ झालाय.

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे थंडी. बेदाण्याचे बॉक्स कोल्ड स्टोरेजमध्ये जातात. लॅबमध्ये २३ अंशांना उत्तम टॅक देणारं, भरपूर रेझिनचं लेबल तिथे लाकडासारखं वागतं, कारण वर सरकलेला टीजी आता तिथल्या तापमानाच्या जवळ आलेला असतो. अशा कामाला रेझिन कमी, तेही कमी सॉफ्टनिंग पॉइंटचं निवडावं, आणि चाचणी थंड पेटीतच लावावी. ग्राहकाला पहिला प्रश्न "लेबल कशावर लावणार?" हा, आणि लगेच दुसरा "किती थंडीत लावणार?" हा. आधी लावून मग थंड करणं आणि थंड बॉक्सवर लावणं यांत फार फरक पडतो.

सुरुवातीचा प्रयोग साधा ठेवा. कोरड्या पॉलिमरच्या १०० भागांना रेझिन ०, १०, २०, ३० भाग, आणि चारही कोटिंगचं जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) सारखं. जाड थराने पील आपोआप वाढतो आणि श्रेय रेझिनला जातं. प्रत्येक नमुन्याची काचेवर पातळ फिल्म वाळवून बघा. ती धुरकट दिसली तर रेझिन पॉलिमरमध्ये नीट मिसळलेलं नाही. सी-५ जातीचं हायड्रोकार्बन रेझिन अ‍ॅक्रिलिकमध्ये असा त्रास देतं, रोझिन एस्टर सहसा देत नाही. लेबल पारदर्शक असेल तर हायड्रोजनेटेड प्रत मागा. महाग पडते, पण साधं रोझिन हवा-उजेडात पिवळं पडतं.