माडी कधी चढली? बेळगावात जुन्या बांधकामाचं वर्ष कसं सिद्ध करावं

मालकीचे कागद पटकन निघतात. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेचा खाते उतारा, खेड्यात पंचायतीतून ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मालमत्तांची ऑनलाइन नोंद) फॉर्म 9 किंवा 11 ब, आणि सब-रजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला. फार जुनी ईसी कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळत नाही, ती ऑफिसात बसून शोधून घ्यावी लागते.

पण घर तुमचं आहे एवढंच हे कागद सांगतात. माडी कोणत्या साली चढली ते त्यांत नसतं. आणि हरकत आली की विचारतात नेमकं तेच.

इथे सगळे एकच सल्ला देतात: शंभरच्या बाँडवर अफिडेव्हिट करा. तो ऐकू नका. आज केलेलं अफिडेव्हिट म्हणजे आजचं तुमचं म्हणणं. बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या घरावर शेजाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा मी बाँड आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती घेऊन महापालिकेत गेलो होतो. साहेबांनी दोन्ही कागद परत सरकवले. पावतीवर रक्कम होती, माडीचा उल्लेख कुठेच नव्हता. चार महिने वाया गेले.

कागद त्या वर्षीचाच हवा. घरपट्टीच्या आकारणी रजिस्टरात बांधकाम वाढलं की आकारणी वाढते. म्हणून एका वर्षाची नक्कल मागू नका, लागोपाठच्या दोन वर्षांची सही-शिक्क्याची नक्कल मागा. आमच्या पहिल्या पानावर फक्त तळमजला होता. पुढच्या वर्षी त्याच ओळीखाली वेगळ्या शाईत माडी लिहून आकडा वाढवला होता. साहेबांनी त्या शाईवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

‘रेकॉर्ड सापडत नाही’ म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज करा: फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, तेव्हा हकिगत लिहू नका. वॉर्ड, मालमत्ता नंबर, दोन वर्षं, बस्स. नंबर मात्र दोनदा तपासा. कन्नड 6 आणि 7 दिसायला जुळे आहेत, माझा पहिला अर्ज त्यातच चुकला होता.

माडीला वेगळा मीटर असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, ऑफिसातून त्या आर. आर. नंबरची (वीजबिलावरचा जोडणी क्रमांक) जोडणीची तारीख लेखी घ्या. हेस्कॉम 2002 सालची, त्याआधीच्या कागदावर केपीटीसीएलचं किंवा त्याहून जुन्या वीज मंडळाचं नाव असतं. ट्रंकेत अशी पावती सापडली तर जिवापाड जपा. गुगल अर्थवरची जुनी चित्रं जोडायला हरकत नाही, पण वरून छप्पर दिसतं, मजले मोजता येत नाहीत. एवढ्यावर विसंबू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: वर्ष सिद्ध झालं म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. परवानगीचा नकाशा असेल तर तो आधी शोधा.

अर्ज कन्नडमध्ये द्या, अस्सल कागद कुणाच्याही हाती देऊ नका, आणि ऑफिसातल्या आवक-टपाल विभागाचा शिक्का तुमच्या प्रतीवर पडल्याशिवाय तिथून हलू नका.